वारंगा फाट्यावर कोणी नव्हतं

पिक्चर काळापांढरा होता, परक्या मुलखातला, माझ्या जन्माच्या आधीचा. मुलगी दिवाळीला पुण्याहून हिंगोलीला आली होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं आपला मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "बाबा, हा बघाच. जगातल्या मोठ्या सिनेमांत धरतात ह्याला."

"होतं काय ह्यात?"

"विशेष काही नाही. नवरा-बायको गाडीतून फिरायला जातात. त्यांचं पटत नसतं."

माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "त्याला पिच्चर कशाला लागतो?" म्हणाली. पण बसली.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळं वाचून बायकोला सांगायचं काम माझ्याकडं आलं. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. गडी गाडी चालवतो, बाई शेजारी बसते. बाहेर डोंगर, धूळ, मेंढ्या. ती म्हणते, खिडकी लावा. तो लावतो. थोड्या वेळानं ती म्हणते, गुदमरतंय. तो उघडतो. दोघं एकमेकांशी इतकं सभ्य बोलतात की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. बायको म्हणाली, "एवढं कुढत बसायचं तर घरीच बसावं की. पेट्रोल काहून जाळून राहिले?" मुलगी हसून हसून लोळली. मीही हसलो.

मग एके ठिकाणी रस्त्याला फाटा येतो. बाई विचारते, हाच रस्ता ना? तो म्हणतो, हो, हाच. मी ती अक्षरं वाचून सांगायच्या आधीच बायको म्हणाली, "खोटं बोलून राहिला."

"तुला काय माहीत?"

"तोंडावर दिसतंय की. तिला दिसंना, कारण ती पुढं बघून राहिली. गाडीत शेजारच्या माणसाचं तोंड कुठं दिसतं?"

तेवढ्यात मुलीला कुणाचा तरी फोन आला आणि ती बोलत बोलत गच्चीवर गेली. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहिलो. सात वर्षं ज्या गोष्टीवर मी बसून होतो ती ह्या बाईनं पिक्चर बघता बघता, खारे शेंगदाणे खात, सहज उघडी केली होती. आणि आपण काय बोललो ते तिला माहीतही नव्हतं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. अर्धवट सांगायची खोड मला आधीच पुष्कळ नडली आहे.

माझा राग गावभर माहीत होता. मी व्हरांड्यात दिसलो की पोरं वर्गाबाहेरच्या चपला सरळ रांगेत लावायची. घरीही तीच तऱ्हा. चहा थंड, मग राग. पेपर कुणी आधी उलगडला, मग राग. आणि सासरच्या बाबतीत तर विचारू नका. तिथं मी जावई होतो, म्हणजे रागवायचा मला परवानाच होता.

धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून गोडाधोडाचं जेवण घालायचं, जावयाला कपडे करायचे अशी आमच्याकडं रीत. पण बोलवायला घरातला माणूस यावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्यानं दारात यायचं, कुंकू लावायचं, तोंडानं 'चला' म्हणायचं. त्या वर्षी धोंडा ऐन उन्हाळ्यात आला होता. बायकोचं माहेर कुरुंद्याजवळ, घरची हळदीची शेती. मेव्हण्याचा फोन आला, "भाऊजी, रविवारी धोंड्याला या बरं का. बेणं लावायची घाई हाय, मला यायला जमंना." एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जावयाला फोनवर बोलावतात? मी काय बेण्याचं पोतं आहे, फोन केला की टेम्पोत टाकून आणायला? मी जाहीर करून टाकलं की त्या घरचं माणूस स्वतः येऊन बोलवत नाही तोवर मी त्यांचा उंबरा चढणार नाही आणि तूही चढायचा नाहीस.

हाच मी दरवर्षी दहावीच्या पोरांना कालबाह्य रूढींवर निबंध लिहायला सांगत होतो. असो.

धोंड्याला जायचं नाही तर मग हैदराबादला जाऊ, असं मी ठरवलं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. मी नुकतीच एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. लोकांना सांगताना म्हणायचो, बायकोला फिरवून आणतो. खरं म्हणजे मला सासरी कळवायचं होतं की तुमच्या धोंड्यावाचून आमचं काही अडत नाही.

तो प्रवास आठवला की आता माझीच मला शरम वाटते. बायकोला गाडी लागते. ती उलटी आली म्हणून खूण करायची, मी गाडी बाजूला घ्यायचो, पण घड्याळ बघत घ्यायचो. चारमिनारपाशी बांगड्यांच्या गल्लीत ती एका दुकानासमोर थांबली तर मी पन्नास पावलं पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभा. तिनं बांगड्या घेतल्याच नाहीत. जेवायला बसलो की मी भाजीला नावं ठेवायचो आणि ती म्हणायची, "खा, तुमच्या मर्जीनंच आलो न्हवं." तीन दिवसांत आम्ही धड तीस वाक्यं बोललो नसू. त्या पिक्चरमधली माणसं निदान एकमेकांना 'कृपया' म्हणत होती.

परत यायच्या सकाळी मी तिला उलटीची गोळी दिली. ती एक गोळी घ्यायची, मी दोन दिल्या. वाटेत तकलीफ नको म्हणून. तिला नव्हे, मला. नांदेड यायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. म्हणाली, "वारंगा आला की मला उठवा."

"काहून?"

"असंच. च्या घेऊ."

नांदेड सोडलं तेव्हा ती गाढ झोपली होती. वारंगा फाट्यावर रस्त्याचं काम चाललं होतं, ट्रक अडकले होते, म्हणून मी गाडी हळू केली. भर दुपार होती. ऊन असं की डांबर चमकत होतं. आणि डाव्या हाताला, चहाच्या टपरीच्या पुढं, सावली सोडून रस्त्याच्या अगदी कडेला माझे सासरे उभे होते. धोतर, पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांनी गाडी ओळखली. हात वर केला. माझी त्यांची नजरानजर झाली.

त्या घटकेला माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो, त्यात सुधारणा करत नाही. मला वाटलं, वा, घरी येऊन बोलवायचं सोडून आता रस्त्यात गाठायला लागले. म्हणजे माझी किंमत फाट्यावरची. समोरचा ट्रक हलला. मी गाडी पुढं काढली. आरशात बघितलं तर ते दोन-चार पावलं गाडीच्या मागं आले होते, हात तसाच वर. बायकोचं डोकं खिडकीकडं कललं होतं, तिचा चेहरा त्यांच्याच बाजूला होता. पण डोळे मिटलेले होते.

ती बाळापूरच्या पुढं उठली. बाहेर बघितलं आणि दचकून म्हणाली, "वारंगा गेला?"

"गेला."

"उठवलं न्हाई मला?"

"झोपली होतीस."

ती मागं वळून रस्ता बघायला लागली. मग विचारलं, "फाट्यावर कोणी होतं का?"

मी समोरचा रस्ता बघत म्हणालो, "नाही. कोणी नव्हतं."

संध्याकाळी हिंगोलीला घरी पोचलो. पिशव्या उतरवून झाल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं सांगितलं. आदल्या दिवशी लॉजवर मी आंघोळीला गेलो तेव्हा तिनं भावाच्या फोनवर वडिलांशी बोलून घेतलं होतं. "मी म्हणलं, आबा, उद्या दुपारी आमी वारंग्यावरून जाऊन राहिलो. तुमी फाट्यावर या, ह्यांना कुंकू लावा, तोंडानं चला म्हणा, म्हणजे ह्यांचा राग जाईल. व्हय म्हणाले. येतो म्हणाले. न्हाई आले."

म्हणजे त्या पिशवीत कुंकवाचा करंडा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतः मुऱ्हाळी होऊन, मला हवा होता तोच मान घेऊन उन्हात उभा होता.

तेव्हाच सांगायचं होतं मी. गाडी दारात उभी होती, टाकीत तेल होतं, वारंगा तासाभराच्या वाटेवर. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, गाडी वळवली असती, रात्री कुरुंद्याला जेवलो असतो. तेवढंच होतं. पण मी म्हणालो, "म्हातारं माणूस, विसरले असतील." पहिलं खोटं रागाच्या भरात बोललो होतो, निदान असं मी मनाला समजावू शकतो. हे दुसरं खोटं शांत डोक्यानं बोललो.

ती म्हणाली, "आबा विसरत न्हाई. त्याला भ्याले असतील." त्याला म्हणजे भावाला. तिनं मनाशी गाठ मारून टाकली की मुलापुढं आबांना लेकीची किंमत नाही. माझी बायको बोलली तर तासभर बोलते, पण दुखावली की ओठ शिवून घेते. तिनं माहेरी फोन करणं सोडलं. तिकडूनही आबांचा निरोप आला नाही. भाऊबीजेला गेली नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. आबांनीही घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जावयाला रस्त्यात अडवायला गेलो होतो आणि तो थांबला नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार? बाप आणि लेक, दोघं एकमेकांच्या 'आधी तू बोल'ची वाट बघत राहिले. मधला माणूस मी. मी रोज पेपर वाचत होतो.

हिवाळा सरता सरता, हळद शिजवायच्या दिवसांत आबा गेले. कढईपाशी बसल्या जागीच गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची बोटं पिवळी होती, धुवूनही निघाली नव्हती. भावकीतल्या बाया कुजबुजत होत्या की एवढी लाडाची लेक आणि डोळ्यांतून टिपूस न्हाई. मी ते ऐकलं. गाडीत बसल्यावर ती एकच वाक्य बोलली, "त्या दिवशी आले असते तर आज मला रडायला आलं असतं."

दहाव्याच्या दिवशी एका पाहुण्याला एसटीला सोडायला मी वारंगा फाट्यावर गेलो. एसटी गेल्यावर त्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारपूस केली, मी सांगितलं, अमक्या घरी दहाव्याला आलोय. तो म्हणाला, "ते म्हातारबाबा व्हय? मागं उन्हाळ्यात एकदा इथं बसले होते. लेक-जावयाची गाडी येणार होती म्हणे. गाडी आली अन् थांबलीच न्हाई. मी म्हणलं, बाबा, जा आता घरी, ऊन लागंल. तर म्हणाले, पुढं वळवायला जागा न्हाई, लांबून वळवून येतील. दिवस कलंस्तोवर बसले."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी त्याला सांगितलं नाही की जावई मीच.

त्यानंतर मी बदललो. सगळे म्हणतात, निवृत्तीनंतर सर निवळले. बायको गाडीत खूण करायच्या आत मी गाडी थांबवतो. तिच्या माहेरी वर्षातून चार वेळा स्वतः घेऊन जातो, कुणी बोलवायची वाट बघत नाही. मेव्हणा चारचौघांत सांगतो की जावई असावा तर असा. मी मान खाली घालतो, त्यांना वाटतं विनय आहे. आणि प्रत्येक खेपेला वारंगा टाळून मी शिरड शहापूरच्या वाटेनं जातो. बायको एकदा म्हणाली, "इकडून काहून?" मी म्हणालो, इकडचा रस्ता चांगला आहे. तिसरं खोटं. ह्या लबाडीला शेवटच नाही.

तर त्या रविवारी मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि बाहेरून हाक आली, "अहो, या की, संपून राहिला."

येऊन बसलो. पिक्चरमधली ती गाडी चिखलात रुतली होती. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे. मग तो गडी तिची बॅग उचलतो आणि चालायला लागतो, ती मागून चालायला लागते, आणि अक्षरं वर सरकायला लागतात. संपलं.

बायकोनं विचारलं, "तो म्हणाला का तिला, माझं चुकलं म्हणून?"

"नाही."

"रस्ता त्याला ठाऊक नव्हता हे तिला कळलंच न्हाई?"

"नाही कळलं."

"मग कशाचा मोठा पिच्चर," असं म्हणून ती शेंगदाण्याची वाटी उचलून उठली.

मी म्हणालो, "बस जरा."

ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. ह्या वेळेला आम्ही गाडीत नव्हतो, समोरासमोर होतो. मी सगळं सांगितलं. दोन गोळ्या, ट्रक, वर केलेला हात, आरसा, कुंकवाची पिशवी, टपरीवाला. मला वाटलं होतं ती वाटी फेकून मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "अंगात काय होतं आबांच्या?"

"पांढरा सदरा. धोतर."

"टोपी होती?"

"होती."

"सावलीला उभे होते का उन्हात?"

"उन्हात."

"पायात वहाणा होत्या?"

ते मला आठवेना. मी म्हणालो, बघितलं नाही. तिला त्याचंही वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाली, "हात कोणता वर केला?"

"उजवा. डाव्या हातात पिशवी होती."

"हसले होते का?"

मी म्हणालो, "हो. गाडी दिसली तेव्हा हसले होते." हे खरं होतं. ते मी स्वतःलाही कधी आठवू दिलं नव्हतं.

"म्हणजे आले होते," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. आणि मग रडली. आबा गेले तेव्हा ज्या अंगणात बाया तिच्या रडण्याची वाट बघत बसल्या होत्या तिथलं ते रडणं आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर बाहेर आलं. मी जवळ सरकलो तर तिनं हातानं मला लांब ठेवलं. रागानं नव्हे. तिथं माझं काही कामच नव्हतं. मी पायापाशी जमिनीवर बसून राहिलो. मुलगी गच्चीवरून खाली आली, दारात थबकली, आणि काही न विचारता आत निघून गेली.

बऱ्याच वेळानं तिचं रडणं थांबलं. तोंड पुसून ती भिंतीकडं बघत बसली. मला वाटलं आता ती मला काहीतरी म्हणेल, शिव्या देईल, घर सोडून जाते म्हणेल. मी तयार होतो.

ती म्हणाली, "त्यांना वाटलं असंल मी जागीच होते."

ती अजून भिंतीकडंच बघत होती.

"लेकीनं बोलावलं अन् लेकच न थांबता गेली, असं मनात घेऊन गेले ते." मग पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "आठ म्हैने होते ते त्यानंतर. तवा सांगितलं असतं तुमी, तर मी इथून पायी गेले असते."